आंधळगावचा ‘शेवटचा’ विणकर आणि गल्लीतले बाकीचे माग

आमची कंपनी गोष्टी सांगते. म्हणजे दुसऱ्यांच्या, आणि दुसऱ्यांच्या खर्चानं. संग्रहालयासाठी अंधाऱ्या खोलीत भिंतभर सरकणारी चित्रं, पापडवाल्यांसाठी डोळे पाणावणारी तीन मिनिटांची फिल्म, आणि दोन्हींना तीच बासरी. यंदा एका मोठ्या साडीच्या दुकानानं शहरातल्या एका कलादालनाला हाताशी धरून भंडारा जिल्ह्यातल्या कोसा रेशमाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. स्क्रिप्ट मी पुण्यात बसून लिहिली. नाव दिलं ‘शेवटचा विणकर’. ज्या विणकरांच्या गावाबद्दल ती होती, ते आंधळगाव तोवर मी नकाशावरही पाहिलं नव्हतं. स्क्रिप्ट मंजूर झाली आणि मग गावाला जायचं ठरलं. आमच्या धंद्यात हाच क्रम असतो.

दिग्दर्शक निहार विमानानं नागपूरला उतरून पुढे गाडीनं आला. मी आणि कॅमेऱ्याच्या पेट्या रेल्वेनं गेलो. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, ‘भंडारा रोड’ नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथून शहरात यायला रिक्षा मिळते आणि भाडं आधी ठरवलेलं बरं. राहायचं भंडाऱ्यातच. आमचं लॉज साधं होतं, पण सकाळी गरम पाणी न मागता मिळायचं.

न्याहारीला तर्रीपोहे घ्या, म्हणजे पोहे आणि वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा. निहारनं तर्री वेगळ्या वाटीत मागितली.

“अलग पायजे? मंग पोहे कायले घेता?” गाडीवाल्यानं विचारलं आणि त्याच्या पोह्यांवर तर्री ओतून मोकळा झाला. दिवसभर निहारचं पोट बोलत होतं, त्यामुळे तो जरा कमी बोलला.

तुमसरच्या रस्त्यानं मोहाडीपर्यंत गाडी छान पळते. तिथून आत वळलं की वेग आपोआप कमी होतो. धान कापून झालं होतं आणि अर्ध्या रस्त्यावर ते वाळत घातलेलं होतं. आमचा ड्रायव्हर कडेकडेनं, चप्पल काढून देवळात शिरावं तशी गाडी काढत होता.

आंधळगावात देवरामजी दारातच उभे होते. साठी उलटलेली, अंगानं काटक, नाकावर चष्मा. हेच आमचे शेवटचे विणकर. चहा झाला, माग पाहिला, प्रकाश उत्तम होता. अडचण आवाजाची निघाली. शेवटच्या विणकराच्या मागाचा आवाज स्वच्छ मिळेना, कारण शेजारच्या तीन घरांत माग चालू होते. एकावर तर देवरामजींचा सख्खा धाकटा भाऊ बसला होता.

माणसाला इथे तरी लाज वाटावी. निहारनं उलट घरोघर जाऊन माग बंद ठेवायची विनंती केली. पाहुणा सांगतो आहे म्हणून लोकांनी बंद ठेवलेही. चार मागांच्या गल्लीत एकच माग वाजू लागला, आणि मला माझ्या स्क्रिप्टसारखं गाव मिळालं.

“त्यायले बंद काहून करा लावलं जी?” देवरामजींच्या पत्नी सुमनबाईंनी मला विचारलं. त्या चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होत्या.

“आवाज नीट यावा म्हणून.”

“मंग पिक्चरात बाकीचे नाई दिसनार?”

“पुढच्या भागात दिसतील,” मी म्हणाले. पुढचा भाग वगैरे काही नव्हता. वर त्याच माउलीनं वाढलेलं लाखोरीच्या डाळीचं वरण आणि पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, दाण्यांची भाजी मी दोनदा मागून घेतली. जेवण खरंच सुरेख होतं.

दुसऱ्या दिवशी देवरामजींना त्यांचं वाक्य समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. वाक्य असं: ‘माझ्याबरोबर ही कला संपेल.’ मी ते शक्य तितक्या हळुवारपणे वाचलं.

“संपन? काहून? मी का मरून राहिलो का?”

“तसं नाही काका. ती भावना आहे.”

“भावना ठीक हाये, ताई. पन नागपूरच्या व्यापाऱ्यानं पाह्यलं तं तो काय मनन? म्हातारा बंद करून राहिला. मंग ऑर्डर कोन देईन? मलेच नाई, साऱ्या गल्लीलेच.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुमचं दुकान सीधं आमच्याकडून साड्या घेईन, मनून तं मी पिक्चरले हो मनलं.”

हे आम्हाला ठाऊक होतं. दुकानाच्या माणसानं फोनवर त्यांना तशी आशा दाखवली होती. ते वाक्य बोलायला त्यांनी साफ नकार दिला. मला मनातून बरं वाटलं.

“ठीक आहे, बोलू नका. नुसतं कापड कापा,” निहार म्हणाला.

साडी त्याच दिवशी पुरी होत होती. देवरामजींनी कापड कापून मोकळं केलं आणि मागाच्या फणीत ओवलेले जुने धागे तसेच लोंबत ठेवले. या टोकांना नव्या ताण्याचे, म्हणजे उभे, धागे एकेक करून जोडतात. ती सांधणी झाली की पुढची साडी सुरू. म्हणून चालता माग कधी पुरता रिकामा करत नाहीत. निहारला मात्र रिकामाच माग हवा होता, जमलं तर जरा कोळिष्टकांसह.

“हे धागे काढले तं पुन्हा ओवाले तीन दिवस जाते, साहेब,” देवरामजी हसत म्हणाले.

शेवटी निहारनं कात्री, सुरकुतलेले हात आणि लोंबते धागे एवढंच जवळून टिपलं. अप्रतिम, अप्रतिम, असं दोनदा म्हणून त्यानं सामान आवरलं. नवरा-बायको समोरासमोर बसून सांधणी करू लागले तेव्हा कॅमेरा गाडीत बंद झाला होता. बोटांच्या चिमटीत दोन टोकं धरायची, पीळ द्यायचा, पुढचं टोक उचलायचं. गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत मी ते बघत बसले. तुम्ही गेलात तर हेच बघायला थांबा.

पुण्यात परतल्यावर ‘शेवटचा’ हा शब्द काढा म्हणून मी लिहून दिलं. त्यावर बैठक झाली आणि पुष्कळ चर्चेअंती ‘शेवटच्यांपैकी एक’ असं ठरलं. हा माझा विजय समजला गेला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी तीन भिंतींवर एकाच वेळी ती कात्री चालली. देवरामजींनी न बोललेलं वाक्य एका निवेदकानं शुद्ध पुणेरी मराठीत, गळा भरून आणून म्हटलं. रुमाल निघाले. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “किती वाईट ना, सगळं संपत चाललंय.” साडी हातावेगळी झाल्याच्या समाधानाचा दिवस बघून माणसं ढसाढसा रडत होती, आणि त्यांना रडवणारी मी होते.

बाहेर साड्यांचा काउंटर होता. थेट ऑर्डरचं काय झालं, म्हणून मी दुकानाच्या खरेदी विभागातल्या मॅडमना गाठलं.

“फिल्म पाहिलीत ना? वय झालंय हो त्यांचं,” त्या म्हणाल्या. “मालाची खात्री कोण देणार? तसंच दिसणारं कापड यंत्रमागावर विणलेलं मिळतं, तेच ठेवलंय.” प्रत्येक साडीला ‘वारसा’ असं चिटोरं लावलेलं होतं.

मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी देवरामजींना फोन करून काही न लपवता सगळं सांगितलं.

“मंजे तुमच्या दुकानात मी मेलो,” ते म्हणाले. “ते लिवलं कोनं होतं, ताई?”

“मी.”

“मंग आता दुसरं लिवा. जिते हावो मनून लिवा.”

म्हणून हे लिहिते आहे. आंधळगावात देवरामजींचा माग चालू आहे, त्यांच्या भावाचा चालू आहे, शेजारच्या दोन्ही घरांतले चालू आहेत, आणि चौघंही ऑर्डर घेतात. यात कुणाला रडू येण्यासारखं काही नाही, त्यामुळे ते कुठल्या भिंतीवर झळकणार नाही.