माझी मुलाखत आईनं दिली

स्पर्धकांच्या भीतीची परीक्षा घेणाऱ्या ज्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये मी मागच्या वर्षी शेवटच्या फेरीत हरले होते, त्या शोच्या एक बाई जुन्या स्पर्धकांना नव्या सीझनसाठी निवडत आमच्या बेलापूरच्या घरी आल्या. रोज पहाटे कॅनॉलच्या कडेनं पळून मी केवढा दम कमावलाय, ते ऐकवायला मी टपूनच बसले होते. पण बाईंनी मला एक प्रश्न विचारला असेल तर शपथ! त्या सरळ स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसल्या. आईच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे मीही मागोमाग जाऊन दारात उभी राहिले.

“आता लई धीट झालीय,” आई कौतुकानं म्हणाली. “फकस्त कोंडलेल्या जागेत हिचा जीव जातो. ल्हानपनी धान्याच्या कणगीत अडकली हुती. आजून संडासाची कडी लावत न्हाई.”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“अजूनही?”

“व्हय. मागच्या टायमाला तुमाला सांगायचं राहूनच गेलं.”

“आई, पुरे!” मी दारातून ओरडले.

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं आणि गोड हसल्या.

“अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “तुमचं नक्की झालं.”