वन्संच्या करवतीचा पट्टा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, सुतारकाम करतात. दारं, खिडक्या, टेबलं, म्हणाल ते. घराखालीच त्यांचा कारखाना आहे आणि तिथे पॉलिशचं काम माझ्याकडे. वन्संच्या हातात कला आणि तोंड फटकळ. लग्नाचं नाव काढलं की अंगावर यायच्या, शेवटी सासूबाईंनीही नाद सोडला होता. अशा या बाई, केस पिकायला लागल्यावर, प्रेमात पडल्या! घरात सगळ्यांना कळलं. पण ज्याला सांगायचं त्याला एका शब्दाने सांगतील तर शपथ.

तो म्हणजे मोटरवाला. बिघडलेल्या मोटरी दुरुस्त करायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माणूस एकटाच. वन्संच्या करवत मशीनची मोटर सारखी तापायची, तिचं बेअरिंग किंचाळायला लागायचं, की हा दारात हजर. अख्खी गल्ली वन्संना ताई म्हणते. हा पठ्ठ्या ताई शब्द जिभेवर येऊच द्यायचा नाही. "अहो, तो पाना द्या." "अहो, जरा बॅटरी धरा." सासूबाई जिन्यात उभ्या राहून ऐकायच्या आणि मला कोपराने ढोसायच्या, "ऐकलंस? अहो म्हणतोय!" आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

आणि असं छान चाललेलं असताना मोटरवाल्याच्या भावाने त्याला दुसऱ्या शहरात बोलावलं. तिकडे एकत्र धंदा करू म्हणे. शनिवारी निघायचं ठरलं. त्याने वन्संना हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. वन्सं म्हणाल्या, "बरं." आणि रंधा मारत राहिल्या.

बरं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढा सोन्यासारखा माणूस चाललाय आणि या बाई बरं म्हणतात!

"वन्सं, बोला ना त्यांच्याशी," तो गेल्यावर मी म्हटलं.

"काय बोलू? या वयात? तू तुझं पॉलिश मार."

शुक्रवारी दुपारी वन्सं लाकूड बघायला वखारीत गेल्या. माझा राग काही उतरला नव्हता, म्हणून मी कारखाना झाडायला काढला. करवत मशीनच्या खालचा भुसा काढताना हात पट्ट्याला लागला. मोटर फिरली की हा रबरी पट्टाच पात्याला फिरवतो. सहज दाबून बघितला तर ढिम्म हलेना. हे काय? पहिल्याच दिवशी वन्संनीच मला शिकवलं होतं, पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की बोटभर आत गेला पाहिजे. फार सैल असला तर घसरतो आणि पातं लाकडात अडकून बसतं. फार घट्ट असला तर सगळा ताण मोटरच्या बेअरिंगवर येतो आणि ती तापून बसते. अस्सं! म्हणजे मोटर बिघडत होती ती यामुळे. एवढा नावाजलेला कारागीर आणि पट्टा असा आवळून ठेवतो? धन्य आहे, म्हटलं.

मी प्लग काढला. मोटरचे बोल्ट सैल केले, मोटर जराशी पात्याकडे सरकवली, अंगठा लावून बघितला, पुन्हा सरकवली. मनासारखा झाल्यावर बोल्ट आवळले आणि मशीन चालू केलं. आहाहा! कुरकुर नाही की किंचाळणं नाही. मी खराटा हातात घेऊन चक्क नाचले.

वन्सं आल्या, त्यांनी बटण दाबलं आणि लगेच बंद केलं.

"पट्ट्याला हात कुणी लावला?"

"मी!" मी ऐटीत म्हटलं. "किती घट्ट होता, माहितेय?"

"माहीत आहे मला घट्ट होता ते!" वन्सं ओरडल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मी पॉलिशच्या डब्यावर मटकन बसले. "म्हणजे... तुम्ही?"

"तो आवळून जायचा," वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मी तसाच राहू द्यायची."

देवा रे! मला हसू आवरेना. वन्संही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि मग एकदम म्हणाल्या, "अगं, पण तो आज निरोप घ्यायला येणार आहे. पट्टा तपासल्याशिवाय जायचा नाही. त्याला वाटेल मीच नीट केला. म्हणजे आता येऊ नका, असंच ना?"

"मग परत आवळते की!" मी पान्याकडे धावले.

पण मोटरवाला हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारातच उभा. माझा पाना हातातच राहिला. तो आत आला, सवयीने वाकला आणि त्याने पट्ट्यावर अंगठा ठेवला. पट्टा बोटभर दबला. बराच वेळ त्याने अंगठा काढला नाही.

"छान लावलाय," तो म्हणाला. "आता मोटरला काही व्हायचं नाही." तो सरळ उभा राहिला, पण आमच्यापैकी कुणाकडे बघेना. "येतो मग."

मला तर रडूच फुटायच्या बेताला आलं. तो उंबऱ्यापर्यंत गेला.

"मी नाही लावला तो!" वन्सं एवढ्या जोरात ओरडल्या की तो दचकला. "या अतिशहाणीने लावलाय! मी कशाला लावेन? मी जन्मात लावला नसता!"

मोटरवाला वळला. "मग... पुन्हा आवळून देऊ?"

"नको. चांगली चालतेय, चालू दे मोटर." वन्सं म्हणाल्या. "ती बिघडो, न बिघडो, तुम्ही जाऊ नका."

तो जागचा हलला नाही. मीही हलले नाही. तेवढ्यात जिन्यातून सासूबाई कडाडल्या, "अगं, बघत काय उभी राहिलीस? त्याच्या खांद्यावरची पिशवी घे आधी!"