काजळीचं सोंग

आमच्या घरात गोरं असं एकच जण, ते म्हणजे गाय. बाबा हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. मायला हसू येत नसे, कारण मी लग्नाची झाले होते आणि मला पाहायला येऊन दोन पाहुणे परत गेले होते. पहिल्यांनी निदान पोहे खाऊन 'कळवतो' तरी म्हटलं. दुसऱ्यांच्या बाईनं सगळ्यांदेखत पदराचं टोक ओलं केलं आणि माझ्या गालावरून फिरवलं, पावडरीखाली पोरगी कशी आहे ते पाहायला. पावडर पदराला लागली आणि खाली मी होते तशीच होते. त्या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांतली. आमचं गाव दवनीवाड्याच्या अलीकडं, चहूबाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची वावरं. गोंदियाजवळ विमानांसाठी धावपट्टी होत होती आणि तिथं मुरूम टाकायला एका अमेरिकन तुकडीचे ट्रक आमच्या पांदणीच्या वाटेनं ये-जा करायचे. ट्रक चालवणारे सगळे काळे, त्यांचे साहेब सगळे गोरे. गावाचा आधी विश्वासच बसेना. अमेरिका म्हणजे गोऱ्यांचा मुलुख, असं गुरुजींनी शाळेत शिकवलं होतं. गुरुजींना धडाच बदलावा लागला.

पाऊस सरता सरता त्यातला एक ट्रक घसरून आमच्या बांधीत रुतला. ड्रायव्हर उंचापुरा, वयानं तिशीचा असेल. चिखलात गुडघाभर उभा राहून तो तुडवल्या गेलेल्या धानाकडं बघत होता, ट्रककडं नव्हे. बाबांना तेवढ्यावरच तो आवडला. त्यांनी हल्यांची म्हणजे रेड्यांची जोडी जुंपली आणि तासाभराच्या ओढाताणीनंतर ट्रक बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तो माणूस एकटाच आला आणि आडवं पडलेलं धान बाबांबरोबर उभं करून बांधू लागला. त्याचा हात सराईत होता. त्याच्याही घरी शेती होती, दुसऱ्याच्या जमिनीवरची, आमच्यासारखीच. तेव्हापासून आमच्या घरी तो 'ट्रकवाला भाऊ' झाला.

संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसे. बोलणं सगळं गुरुजींच्या मार्फत. गुरुजी इंग्रजी शिकलेले, पण ते पुस्तकातलं. ट्रकवाल्या भाऊचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात घोळून यायचं, त्यामुळे गुरुजींना घाम फुटायचा. एकदा माय माझ्या तोंडाला हळद-बेसन चोळत होती, ते पाहून त्यानं विचारलं, हे कशासाठी? गुरुजींनी लाजत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, आमच्याकडं यासाठी दुकानात मलमाच्या डब्या मिळतात, डबीवर गोऱ्या बाईचं चित्र असतं, आणि माझ्या बहिणीनं ते मलम लावून गाल भाजून घेतला. मायचा हात थांबला. मग थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला, पण हलका.

मतदानाचं त्यानं सांगितलं तेव्हा मात्र ओसरी हसली होती. त्याचा बाप मत द्यायला गेला, तर कचेरीतल्या गोऱ्या कारकुनानं विचारलं, साबणाच्या वडीतून फुगे किती निघतात ते सांग, मग मत दे. गोऱ्यांना असं काही विचारत नाहीत.

"मंग तुहा बाप काय बोलला?" बाबांनी विचारलं.

बाप टोपी घालून घरी आला, असं तो म्हणाला.

"आमाले तं कोनी साबनाचंबी नाही विचारत," बाबा म्हणाले, कारण आमच्यासारख्या कुळांना तेव्हा मतच नव्हतं, आणि तेव्हा ट्रकवाला भाऊसुद्धा हसला. तेवढ्यापुरताच. एरवी त्याचं हसू ओठांपर्यंत येऊन मागं फिरायचं. बाबा दंडारीतले, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळातले सोंगाडे. ज्यांच्या सोंगाला पंचक्रोशी पोट धरून हसायची, त्यांना एक माणूस पोटभर हसत नाही हे सलायचं.

दिवाळी झाली आणि कळलं, तुकडी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडं निघाली. आमच्या गावच्या मंडईच्या दुसऱ्याच दिवशी ट्रक हलणार होते. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, दिवसाउजेडी दंडार नाचायची. आणि आमच्या दंडारीची एक रीत होती. ज्यानं गावाचं काही भलं केलं, त्या परक्या माणसाचं सोंग मंडईत निघायचं. त्याची चाल, त्याची बोली, त्याचे कपडे. सोंग निघालं की तो माणूस गावाचा झाला. एकदा पटकीच्या साथीत धावून आलेल्या सरकारी डॉक्टरचं सोंग निघालं होतं, आणि डॉक्टर स्वतःला पाहून डोळे पुसत हसला होता.

बाबांनी ठरवलं, यंदा ट्रकवाल्या भाऊचं सोंग. "जाऊन रायला बिचारा लढाईवर. वापस येते का नाही येत, कोनाले मालूम? एकदा तं हसून जाऊ दे."

आता नुसती चाल-बोली केली असती तरी भागलं असतं. पण बाबांनी गोंदियाच्या बाजारात तंबूतला सिनेमा पाहिला होता. त्यात अमेरिकेचा एक गाणारा माणूस होता. तोंडाला काळं कुळकुळीत रोगण, ओठांभोवती पांढरा रुंद पट्टा, हातात पांढरे मोजे, डोळे गरगर फिरवत गात होता आणि तंबू नुसता हसत होता. बाबांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला. आम्ही नाही का राजाच्या तोंडाला मुरदाडशिंगाचा रंग फासत? तसं काळ्या लोकांच्या दंडारीत हे फासत असतील. म्हणजे हा भाऊच्या गावाकडचा साज. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला त्याच्या गावचा साज दिसला, तर त्याला किती बरं वाटेल!

कंदिलाची काजळी मीच खरवडून दिली, गोडेतेलात बाबांनी कालवली. ओठांभोवतीचा पट्टा तांदळाच्या पिठाचा. माय म्हणाली, "तुमाले काजळी कायले लागते? आंधीच का कमी हाये?" बाबा आरशात बघून खूश होते.

मंडईला गावच्या जमीनदाराच्या, मालगुजारांच्या शेजारी दोन गोरे साहेब खुर्च्यांवर बसले. काळे ड्रायव्हर त्यांच्या मागं टेकू लागले, तर एका साहेबानं नुसता हात करून पलीकडची ताडपत्री दाखवली. मालगुजारांना त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या गावानं ज्यांना पारावर कधी बसू दिलं नाही, तेही त्याच बाजूला खाली बसले होते. तेव्हा मलाही नवल वाटलं नाही, त्याचं नवल आज लिहिताना वाटतं.

ढोलकी कडाडली आणि बाबा आले. ट्रकवाल्या भाऊची लांब टांगांची चाल त्यांनी हुबेहूब उचलली होती. त्यांनी सिनेमातल्यासारखे डोळे फिरवले, पांढरे ओठ फाकवले. गाव हसलं. पण सगळ्यांत मोठ्यानं हसले ते गोरे साहेब, मांड्या थोपटत, एकमेकांना ढोसत. पलीकडची ताडपत्री मात्र गप्प होती. ट्रकवाला भाऊ थोडा वेळ बाबांकडं बघत राहिला. मग उठला आणि कोणाकडंही न बघता चालू लागला.

बाबांनी सोंग तिथंच टाकलं. ढोलकीवाला वाजवतच राहिला आणि सोंगाड्या पळत सुटला. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं धोतर सावरत गुरुजी. बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या पाळीवर त्याचा ट्रक उभा होता. तो आत चढून बसला होता, समोर बघत.

"काऊन गेला, भाऊ? का चुकलं माहं?" बाबा दारापाशी हात जोडून उभे. तोंडावर ते रंगवलेलं रुंद हसू तसंच, आणि आवाज रडवेला.

तो बोलला, पण गुरुजींकडं बघून. गुरुजींनी एकेक वाक्य हळूहळू सांगितलं. त्या सिनेमातला माणूस काळा नव्हता. तो गोरा होता. आमच्याकडं गोरे लोक तोंडाला काजळी फासून आमचं सोंग घेतात. आम्ही आळशी, आम्ही कोंबड्या चोरतो, आम्हाला मालकाशिवाय करमत नाही, असं दाखवतात आणि हसतात. मी लहानपणापासून ते पाहत आलो. वाटलं, इतक्या लांब तरी ते पोचलं नसेल. आणि ते तू करावंस?

"तो गोरा व्हता?" बाबांनी गुरुजींना दोनदा विचारलं. गुरुजींनी मान हलवली. गुरुजींनाही हे ठाऊक नव्हतं.

बाबा वळले आणि तसेच बोडीत उतरले. तेलातली काजळी पाण्यानं निघते थोडीच? त्यांनी चिखल घेतला, तणसाची, भाताच्या पेंढ्याची मूठ घेतली आणि तोंड खसाखसा घासलं, भांडं घासावं तसं. मला वाटलं, कातडी निघेल. मी काठावर उभी राहून रडत होते. बाप लोकांना हसवताना पाहिला होता, असा कधी नव्हता पाहिला.

मग ते वर आले, तोंडावरून पाणी निथळत, आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"पाह्य, भाऊ. निघाली काजळी. आता जे रायलं, ते माहं हाये."

जे राहिलं होतं तेही काळंच होतं. उन्हातलं, पिढ्यान् पिढ्यांचं, ट्रकवाल्या भाऊपेक्षा फार तर एक बोट उजळ. गुरुजींना हे सांगावं लागलं नाही. तो खाली उतरला. त्यानं गळ्यातला रुमाल काढला, एका हातानं बाबांची हनुवटी वळवली आणि कानामागं राहिलेली काजळी पुसली. सावकाश, लहान लेकराचं पुसावं तशी. आणि मग तो हसला. बाबाही हसले. आमच्या बोडीच्या काठावर दोन बाप्ये एकमेकांचे खांदे धरून हसले, आणि दोघांचेही डोळे वाहत होते.

मला मात्र त्या बाईचा ओला पदर आठवला. पुसणं हे असंही असतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

सकाळी ट्रक गेले. आमच्या बांधीपाशी एकानं लांबलचक भोंगा दिला. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. कळणार तरी कसं? बाबांनी पुढं पुष्कळ सोंगं काढली, पण तोंडाला काजळी कधी लावली नाही, राक्षसासाठीसुद्धा नाही.

उन्हाळ्यात मला पाहायला तिसरे पाहुणे आले. माय हळद-बेसनाची वाटी घेऊन आली, तर बाबांनी ती काढून घेतली आणि मला रांजणाकडं पाठवलं. मी साध्या पाण्यानं तोंड धुऊन पाटावर जाऊन बसले. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडं निरखून पाहिलं आणि तिचा हात पदराच्या टोकाकडं गेला.

"पुसू नोका, मावशी," बाबा म्हणाले. "धुवूनच आनली हाये."