रिकाम्या स्टुलावरचा उजेड

उजेड मोजायचं यंत्र माझ्या खांद्यावरच्या पिशवीत डब्याच्या शेजारी असतं. हातात मावेल एवढी पेटी, तिला वायर, आणि वायरच्या टोकाला पांढरा घुमट, अर्ध्या लिंबाएवढा. घुमट टेबलावर ठेवला की पेटीवर आकडा येतो. त्याला लक्स म्हणतात. कारखाने, कचेऱ्या, शाळा सगळीकडे माणसांना काम करण्यापुरता उजेड आहे की नाही ते बघायचं, फॉर्म भरायचा, खाली सही करायची आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचं. म्हापशातल्या एका लहानशा एजन्सीसाठी हे मी बारा वर्षं करते आहे. सर्वणहून सकाळी स्कूटर काढते ती संध्याकाळी कंबर धरूनच ठेवते. शेजारीण अजून विचारते, "आमच्याकडे लायट येना, ती कित्याक मेजिना गो?" म्हणजे येत नाही ती वीज का मोजत नाहीस. पहिली काही वर्षं मी तिला समजावून सांगत होते. आता नुसती हसते, तेवढीच ताकद वाचते.

या कामात सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवतात: घुमटावर आपली सावली पडू द्यायची नाही. हात लांब करायचा, अंग मागे घ्यायचं, फिक्या रंगाचे कपडे घालायचे. मी हे इतकं अंगात मुरवलं की घरी ताट वाढतानासुद्धा बाजूला झुकते. नवरा म्हणतो, वाढतेस की पळून जातेस? आपली सावली चुकवण्यात मी पटाईत झाले, आणि त्याचा मला अभिमानही होता. तो कसा उतरला तेच सांगते.

पेडण्याच्या बाजूला एक काजूचा कारखाना आहे. वर्षातून एकदा तिथे जावं लागतं. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा आठवड्यातलं शेवटचं ठिकाण होतं. चोपड्याच्या पुलावरूनच डोकं दुखायला लागलं होतं. कारखान्यातली मला मोजायची जागा म्हणजे गर निवडायची खोली. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना लागून स्टीलची टेबलं, आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलांवर बसलेल्या वीसेक बायका. प्रत्येकीपुढे ताट. सोललेले गर ताटात ओतायचे आणि पांढरे एकीकडे, पिवळट दुसरीकडे, तुकडे तिसरीकडे करायचे. पांढऱ्यात पिवळट गेला की माल परत येतो. ट्यूबलायटी खोलीच्या मधोमध, वाटेवर. खिडक्या वर छताजवळ, जाळी मारलेल्या.

सुपरवायझर दारातच भेटला. डिचोलीकडचा, मवाळ माणूस. मला नेहमी पाणी विचारतो. खोलीत शिरण्याआधी त्याने हळूच टोकाच्या म्हातारीकडे बोट केलं. सावंतवाडीकडून लग्न होऊन पेडण्यात आलेली, या खोलीतली सगळ्यात जुनी बाई. तिला सगळे मावशी म्हणतात.

"तिचे दोळे गेले बाये. भरसता सगळें. सोमारासावन फोडपाक धाडटां तिका."

पांढरे-पिवळट मिसळते म्हणून सोमवारपासून फोडायला, म्हणजे काजू फोडायच्या शेडमध्ये. तिथे सालातलं तेल हातांना लागतं, कातडी काळी पडते, सोलून निघते. तरुण बायकाही तिथून पळ काढतात. मी विचारलं, उजेड कमी पडत नसेल ना तिला? त्याने फाईल उघडून माझ्यापुढे धरली.

"लायट बरी आसा म्हूण तुमींच बरयलां न्ही?"

गेल्या वर्षीचा माझाच फॉर्म. तीनशे हवेत, तीनशे वीस आहेत, प्रकाश पुरेसा. खाली माझी सही. मी मान हलवली आणि आत गेले.

मी जवळ आले की या बायका उठतात. दर वर्षी तसंच. स्टूल पदराने पुसतात, बाजूला सरकतात, "येवा बाये, बसा" म्हणतात. पाहुणी आली तर बसून कसं राहायचं! मी बसत नाही. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेत हात लांब करते, घुमट ताटापाशी ठेवते, आकडा थांबला की लिहिते आणि पुढच्या स्टुलाकडे जाते. खरं सांगायचं तर मला ते उठणं आवडायचं. बसमध्ये कोणी माझ्यासाठी उठत नाही, घरी तर नाहीच. इथे एकामागून एक वीस बायका उठायच्या, आणि थकलेल्या जिवाला तेवढंच बरं वाटायचं.

त्या दिवशी एकोणीस उठल्या. तीनशे दहा, तीनशे पंचवीस, तीनशे पाच. शेवटी मावशीपाशी आले.

"बाये, माका उठवू नको गो," ती ताटातून मान वर न करता म्हणाली. "गुडघे धरलेत."

म्हटलं, राहू दे, बस. तिच्या खांद्यावरून हात घालून घुमट ताटात ठेवला. एकशे अठरा.

बॅटरी गेली असं वाटलं. पेटीवर दोन टपल्या मारल्या, बंद करून चालू केली. एकशे अठराच. मग तिला जरा बाजूला झुकायला सांगितलं. ती झुकली आणि आकडा सरसर चढत तीनशेवर गेला. ती सरळ झाली, पुन्हा एकशे अठरा. ट्यूब तिच्या पाठीमागे होती. तिचं डोकं आणि खांदे, सगळं सावली होऊन ताटात उतरलं होतं.

सगळ्यांना बसायला सांगितलं. कोणी बसेना, बाई उभ्या असताना आपण कसं बसायचं? शेवटी ओरडले तेव्हा बसल्या. प्रत्येकीच्या ताटात एकशे दहा, एकशे तीस. बारीक अंगाची असेल तिथे दीडशे. आणि तेव्हा दिसलं की सगळ्याच थोड्या वाकड्या बसतात, एक खांदा खाली टाकून. इतकी वर्षं मला वाटायचं, दमल्या असतील. बाकीच्यांचे डोळे तरुण होते, त्यांनी भागवून घेतलं. मावशीचं भागत नव्हतं.

"पूण दर वर्सा अशें मेजिनात तुमी," सुपरवायझर म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. दर वर्षी मी रिकामी जागा मोजत होते. तिथे बसून माणूस काम करतं, हे माझ्या फॉर्ममध्ये कुठे नव्हतंच.

मी त्याला म्हटलं, मावशीला दारात बसवून बघू. तो तयार झाला. मघाशी म्हटलं तसा माणूस वाईट नाही. त्याने स्वतःची कदेल, म्हणजे खुर्ची, उचलून दाराच्या उजेडात आणून ठेवली. दोघींनी मावशीला धरून नेलं. तिने निवडलेला आणि सकाळी परत आलेला गरांचा डबाच तिच्यापुढे ओतला. ती निवडायला लागली. सगळी खोली काम टाकून बघत होती. आता जर तिची चूक निघाली असती तर सोमवार टळला नसता. अर्ध्या तासाने सुपरवायझरने तिचा पांढऱ्याचा ढीग पसरला. एकेक गर उलटा करून पाहिला. एकच बाजूला काढला, तो बराच वेळ बोटांत फिरवला, आणि पुन्हा ढिगात टाकला.

"ना," तो म्हणाला. "सामके बरे."

रिपोर्टाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मी दोन कागद लिहिले, एक त्या दिवसाचा आणि एक गेल्या वर्षीचं माप चुकीचं होतं असं सांगणारा. आमचे साहेब वैतागले, जुनं कशाला उकरून काढता म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मी दमले आहे, खोटं सांभाळायला माझ्यात जोर नाही. पावसाळा सरता सरता ट्यूब टेबलांच्या वर, भिंतीकडे सरकल्या. मावशी तिच्या जागेवरच आहे. माझ्या कपाटात मात्र बारा वर्षांच्या फायली आहेत, आणि त्यातल्या किती खोल्यांत बायका माझ्यासाठी उठून उभ्या राहिल्या होत्या ते मला आठवत नाही. एकेक ठिकाणी परत जाते आहे. वर्षाला जमतील तेवढी.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं आहे. सुपरवायझर निघून गेल्यावर मावशी खुर्चीवरच बसून होती. हात मांडीवर.

"मगे माझे डोळे बरे आसत?" तिने मला विचारलं.

"बरे आहेत, मावशी."

"वरसभर घरातले तांदूळ सून निवडता," ती म्हणाली. "नातीच्या उवा काढूचा सोडलंय. सुयेत दोरो घालूचा सोडलंय. डाक्तराकडे गेल्लंय म्हापशाक. तो बोललो, आजये, डोळे बरे आसत. माका वाटला, माका बरा वाटूचा म्हणान बोलता. कागदार लायट बरी म्हणान लिवलेला आसा, मगे खोट कोणाची? माझीच मगे!"

डॉक्टर खोटं बोलला असेल असं तिला वाटलं होतं. कागदावर तिचा विश्वास होता.

"तो कागद माझा होता," मी म्हटलं. "मीच लिहिला होता."

ती खुर्चीच्या दांड्याला धरून उठली, टेबलाला धरत धरत, एकेक पाऊल टाकत आपल्या जागेपर्यंत गेली. मी मागोमाग गेले. मला वाटलं, डबा घेऊन घरी जाणार असेल. तिने पदराने स्टूल पुसलं.

"हंय बस," ती म्हणाली.

मी बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा. तिने मूठभर गर माझ्यापुढच्या ताटात टाकले आणि भिंतीला टेकून उभी राहिली, दुखऱ्या गुडघ्यांवर. माझी सावली ताटात पडली होती. मी मान इकडे केली, तिकडे केली, चष्मा पुसला. सगळे गर एकाच रंगाचे होते.

"दिसता?" तिने विचारलं.

"नाही, मावशी," मी म्हटलं.