पंप गोड होईपर्यंत

कुणामुळं मी अजून या बंबाच्या गाडीवर आहे ते आधी लिहितो, काय घडलं ते मागाहून. समुद्राकाठच्या सुपारीच्या वाडीत राहणाऱ्या, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना घरचं जेवण घालणाऱ्या एका बाईंमुळं. गावात सगळेच त्यांना आत्या म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तुमच्याविषयी लिहू का, असं विचारायला गेलो तेव्हा त्या नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिही की. पन नाव नको घालू. नाव घातलंस तर उद्या अर्धा तालुका माझ्या विहिरीवर बादल्या घेऊन हुबा ऱ्हाईल."

तेव्हा त्यांचं नाव नाही, आणि मग दुसऱ्या कुणाचंही नाही.

मी आग विझवायच्या कामावर आहे. कंत्राटी. घर जालन्याच्या पलीकडं. बायको आणि मुलगी तिकडंच असतात. नववीत शाळा सोडली, ती का सोडली ते सांगत बसत नाही. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बाप झालेला होतो, आणि खरं सांगतो, एवढं पाणी बघून मला राग आला होता. आमच्या गावात टँकर यायचा. माय हंडा लावायची आणि मला टँकरच्या नळीखाली बसवायची, नळी हलली की सांडणारं पाणी वाटीत धरायला. एक वाटी भरली की ती मला दाखवायची, जणू मी काही कमावून आणलंय.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी चूक या वाटीतूनच आली.

इथं लोकांना वाटतं, बंबवाले दिवसभर पत्ते खेळतात. "आज काय आग न्हाय वाटतं!" असं बाजारात पोरंटोरंसुद्धा म्हणतात. म्हणोत. नारळ पाडायला चढून, चक्कर येऊन वरच अडकलेल्या पाडेल्याला आम्ही दोरानं बांधून खाली आणतो, विहिरीत पडलेली म्हैस आम्ही काढतो, जेट्टीवर फेरीबोटीची रांग अडवून बसलेलं कोसळलेलं झाड आम्ही कापतो. शाळेत जाऊन गॅसची नळी कशी तपासायची ते दाखवतो, आणि घरी जाऊन आयांना दाखवा म्हणून पोरांकडून वदवून घेतो. आणि यातलं काहीच नसलं तरी गाडी भरलेली असावी लागते, रोज, प्रत्येक घटकेला. ते कुणाला दिसत नाही.

मी स्वभावानं घाबरट. बूट जागेवर आहेत का ते चारदा बघणारा. आमच्या गाडीचे ड्रायव्हर इथलेच, आगरी, पन्नाशीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते मला म्हणायचे, "घाटावरच्या, तू गाडी पुसतोस का तान्हं बाळ पुसतोस? उचलून काजळ लाव आता तिला." पण काम शिकवलं त्यांनीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाडीची गोष्ट समजावली. आमच्या गाडीच्या टाकीतलं पाणी जोरात सोडलं तर काही मिनिटांत संपतं. मग जवळ जे पाणी असेल ते ओढायचं, आणि इथं जवळ असते ती खाडी. खारं पाणी आग विझवतं, पण पंपाला खातं. म्हणून खाडीचं पाणी ओढलं की परतल्यावर त्याच दिवशी अख्खी टाकीभर गोडं पाणी पंपातून आणि नळ्यांतून सोडून द्यायचं. किती वेळ? तर बोट धरून जिभेला लावून बघायचं. खारट लागेनासं झालं की पंप गोड झाला.

"आणि ते पाणी?" मी विचारलं होतं.

"गटारात. दुसरं काय, तुझ्या आंघोळीला?"

मी हसलो नव्हतो.

मे महिन्यात जेट्टीवर जाळ्यांचा ढीग पेटला. नायलॉनची जाळी, थर्माकोलचे खोके, बाजूला ओढून ठेवलेली एक होडी. दुपारची वेळ होती, भरती होती, हे नशीब. टाकी संपली तशी मामांनी जाड नळी खाडीत टाकली आणि आम्ही पाऊण तास पाणी मारलं. होडी वाचली. कोळणींनी आम्हाला कोकमाचं सरबत पाजलं. एक म्हातारी माझ्या हेल्मेटवर हात फिरवून म्हणाली, "बाय, डोकं किती तापलंय याचं!" माझ्या आयुष्यातला तो चांगला दिवस होता.

परतल्यावर अग्निशमन केंद्राच्या हौदातून गाडीची टाकी पुन्हा भरली. पंप धुवायचं काम माझं. नगरपालिकेचं पाणी तेव्हा एक दिवसाआड यायचं. केंद्राच्या बाहेरच्या नळावर बायकांचे हंडे रांगेत ठेवलेले, पाणी यायची वाट बघत. त्यांच्यासमोर मी अख्खी टाकी गटारात सोडणार होतो. व्हॉल्व्ह उघडला. पाणी धो धो रस्त्यावर आलं, आणि रांगेतल्या बायका नुसत्या बघत राहिल्या. एखादी काही बोलली असती तर बरं झालं असतं. मला वाटी दिसली. मी व्हॉल्व्ह बंद केला. टाकी अर्धी उरली होती. जिभेला लावून बघितलं नाही, कारण काय लागणार ते मला माहीत होतं. नोंदवहीत लिहिलं: पंप धुतला.

त्यानंतर रोज सकाळी पंप चालवून, पाणी सोडून बघायचं असतं. मी इंजिन चालू करून नुसता आवाज ऐकायचो. पुन्हा तेच. कशाला सांडायचं.

आठवडा गेला. मग आत्यांच्या वाडीतून वर्दी आली. आगीच्या खबरीला आमच्यात वर्दी म्हणतात. त्यांचं स्वयंपाकघर घराला लागून, पडवीत होतं, वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचं छप्पर. पाहुण्यांचं जेवण चुलीवर शिजत होतं. ठिणगी वर गेली. आम्ही बारा मिनिटांत पोचलो. मी नळी पसरली, तोंड छपराकडं धरलं आणि ओरडलो, "पाणी!"

मामांनी पंप सुरू केला. नळी हलली नाही. टाकीकडून पंपाकडं येणारा व्हॉल्व्ह मिठानं धरला होता. मामा पान्यानं त्याच्यावर मारत होते, आणि टाकी काठोकाठ भरलेली होती, आणि माझ्या हातातल्या नळीतून एक थेंब येत नव्हता.

मागून कुणीतरी म्हणालं, "ही पाणी घालायला आली का मागायला?"

मला पळून जावंसं वाटलं. हे लिहायला लाज वाटत नाही, कारण मी पळालो नाही. आत्या केसांवर ओला टॉवेल टाकून धुरातून बाहेर आल्या आणि गड्यावर ओरडल्या, "बघत काय हुबा? मोटर लाव! शिंपनाचा पाईप तोड!" वाडीला पाणी द्यायची विहिरीवरची मोटर चालू झाली. तो काळा पाईप मी ओढला. मामांनी आणि दोन गड्यांनी आकडीनं जळकं छप्पर अंगणात ओढून पाडलं, पाहुण्यांनी बादल्या धरल्या. घर वाचलं. माणसाला काही झालं नाही. स्वयंपाकघर गेलं: मसाल्याच्या बरण्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, पाटा, कोपऱ्यातलं जुनं शिसवी फडताळ.

सगळं निवल्यावर आत्या पायरीवर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"गाडीत पानी न्हवतं का रं?"

"होतं."

"मग?"

मी सांगितलं. अर्धी टाकी, रांगेतले हंडे, आवाज ऐकणं, सगळं. वाटीचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. आत्या जळक्या पातेल्यातली राख झटकत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "तुज्या आयशीकडं अजून टँकर येतो?" मी हो म्हणालो.

केंद्रावर साहेबांनी लेखी मागितलं. आमच्यातला एक जण म्हणाला, "गाडी जुनी आहे. तांत्रिक बिघाड लिही, सही कर, मोकळा हो. कोण बघतंय?" बरोबर होतं त्याचं. कुणी बघितलं नसतं. पण बिघाड गाडीत नव्हता. ती बिचारी मी जेवढं पाजलं तेवढ्यावर चालली. मी कोरा कागद घेतला आणि बाकावर बसून लिहिलं. नववीनंतर एवढं मोठं पहिल्यांदाच लिहिलं असेल. दोन बाजू भरल्या. 'मी पंप अर्धाच धुतला व नोंदवहीत खोटे लिहिले.' शुद्धलेखन चुकलं असेल, मजकूर नाही.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "अरे, नियम दहावी पासचा आहे. तुला घेतलं तेव्हाच मी बोलणी खाल्ली होती. आता हा कागद. त्या बाईंची तक्रार आली तर मी तुला ठेवू शकत नाही. एक काम कर, आपणहून सोड. पुढं दुसरीकडं तरी मिळेल."

मी म्हणालो, "साहेब, काढलं तर जाईन. सोडणार नाही."

शाळा मी सोडली होती, गाव सोडलं होतं, प्रत्येक वेळी कुणीतरी 'आपणहून सोड' म्हणालं म्हणून. आता पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या रिक्षानं आल्या. केंद्राच्या दारात चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची दिली. मी आणि मामा दारात.

"तक्रार द्यायला आलात ना?" साहेबांनी कागद पुढं केला.

"सैपाकघर कुनाचं जळलं?"

"तुमचं."

"मग शिक्षाबी मीच सांगनार. ह्याला काढायचा न्हाय."

"अहो, पण नियम..."

"ऐका. ह्याला काढलात तर नवा आनाल. त्याला काय ठावं खारं पानी काय करतंय? त्यो शिकंस्तवर आनखी कुनाचं तरी सैपाकघर जाईल. ह्याला आता मरंस्तवर ठावं हाय." मग माझ्याकडं न बघता, "शिक्षा अशी. गाडी खाडीचं पानी प्याली की थेट माझ्या विहिरीवर आनायची. ह्यानंच धुवायची. मी पुरे म्हनंस्तवर."

साहेब म्हणाले, "उन्हाळ्यात विहीर आटली तर?"

"माझ्या सासऱ्याच्या काळापास्नं आटली न्हाय. तुमच्या इचारन्यानं आटंल व्हय?"

मामा दारात तोंड फिरवून हसले. तक्रारीचा कागद कोराच राहिला. साहेबांनी मला ठेवलं. दोन महिने पंपावरून काढून झाडलोटीला लावलं, ते योग्यच होतं.

पावसाळा सरल्यावर वर्दी आली ती होड्या दुरुस्त करायच्या शेडमधून. पुन्हा खाडी. आग विझल्यावर मामांनी न विचारता गाडी वाडीकडं वळवली. झाडलोटीतून सुटून माझी ती पहिलीच धुलाई. आत्या आधीच विहिरीच्या कठड्यावर बसलेल्या. विहिरीच्या मोटरीनं टाकी भरून घेतली. मी व्हॉल्व्ह उघडला. पहिलं खारं पाणी रस्त्याकडच्या गटारात गेलं. अर्धी टाकी झाली आणि माझा हात आपोआप व्हॉल्व्हकडं गेला. त्यांनी ते बघितलं.

"थांब. जिभेला लाव."

लावलं. "किंचित आहे अजून."

"चालू दे मग."

थोड्या वेळानं त्यांनी स्वतः चूळभर घेतलं, थुंकलं, पुन्हा घेतलं. "गोड झालं. आता नळी इकडं वळीव." त्यांनी पायानं पाटाचं तोंड मोकळं केलं. पाटातून पाणी वाडीत शिरलं. मागं एका वादळात त्यांच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. नंतर लावलेली रोपं आता माझ्या कमरेएवढी होती. उरलेली टाकी त्यांच्या आळ्यांत गेली, एकामागून एक.

"बघ. सांडलं का कुठं?" त्या म्हणाल्या. "उगाच जीव जाळतोस."

मी मान हलवली. नळी गुंडाळायला घेतली.

तेव्हापासून हाच रिवाज. नवीन माणूस आला की मामा त्याला आधी विहीर दाखवतात, मग गाडी. आत्या कठड्यावर बसतात, चव घेतात, पुरे म्हणतात तेव्हाच आम्ही निघतो. सकाळी पंपातून पाणी सोडून बघतो, रोज, रांगेतल्या हंड्यांसमोर. एकदा एक बाई म्हणालीच, "आमाला न्हाय आनि तुमी रस्त्यावर वतताय!" मी तिला सांगितलं, "ताई, हे तुमच्याच घरासाठी आहे." तिला पटलं नसेल. तरी मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. घाबरत उघडतो, पण पूर्ण. दहावीला बाहेरून बसलोय. दोन विषय राहिलेत. नियमाला हवा तो कागद मी नियमाला देणार आहे.

आत्यांचं स्वयंपाकघर मात्र पुन्हा झावळ्यांखालीच उभं राहिलं. "गार ऱ्हातं," म्हणतात. मी म्हटलं, कौलं घालू. तर म्हणाल्या, "तुला कुनी सांगितलंय?"

कुणी नाही. मीच सांगतोय. चुलीपासूनचं अंतर मोजून घेतलंय, वासे किती लागतील ते मामांना विचारून ठेवलंय, शाकारणी कशी करतात ते सुट्टीच्या दिवशी एका सुताराबरोबर फिरून शिकतोय. आत्या, तुम्ही कितीही नाही म्हणा. एक दिवस त्या पडवीवर मी माझ्या हातानं कौलं चढवणार, आणि तुम्ही पुरे म्हणेपर्यंत खाली उतरणार नाही.