सोनूबाईंच्या लेकाची मान

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सोनूबाई धर्मा घरत यांना, आपलं चुकलं असं कधी वाटतच नाही. उरणच्या मिठागरात त्यांची निम्मी हयात गेली. डोक्यावर मिठाची पाटी, पायाखाली तापलेला बांध आणि तोंडाचा पट्टा चालू. आता ती मिठागरं बुजवून तिथं कंटेनरची यार्डं झाली, गुडघे दुखायला लागले, पण पट्टा काही थांबलेला नाही. मीठ कधी धरेल, सून कधी रुसेल, सगळं त्यांना आधीच कळतं. निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच असतं.

त्यांचा एकुलता एक लेक परेश माझा नवरा. ट्रेलर चालवतो. बंदरातून कंटेनर उचलायचा नि माणगावच्या पुढं सोडून यायचा. दिवसभर एसी केबिनमध्ये बसणं, शेजारी कोल्ड्रिंकची बाटली आणि बिस्किटांचे पुडे. घरी आला की आई भाताचा ढीग वाढणार. पोट सुटलं, आणि बघता बघता मानही काळवंडली. कातडी मखमलीसारखी जाड झाली. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. तर सासूबाई कडाडल्या.

“डाक्टर कनाला? मिठागरवाल्याची मान हाय ती! याचे बापाची पन कालीच व्हती. उनाची निशानी हाय.”

परेश शाळेत होता तेव्हाच मिठागरं गेली. त्याच्या मानेला ऊन लागणार कुठून? पण हे त्यांना सांगायची कोणाची टाप आहे! उलट दर रविवारी त्याला मोरीत बसवून, हळद-बेसन लावून, नारळाच्या काथ्यानं त्या मान घासायच्या. चाळिशीचा बाप्या आईपुढं मुकाट बसलेला. मला हसूही यायचं आणि संतापही.

शेवटी लायसन नव्यानं करायच्या तपासणीचं निमित्त साधून मी त्याचं रक्तही तपासून घेतलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, मान पाहिली आणि विचारलं, “ट्रेलर चालवता ना? मग साखरेला माल समजा. इन्सुलिन हा गेट उघडायला लावणारा माणूस. तुमच्या शरीरातली गेटं त्याचं ऐकेनाशी झालीत. म्हणून शरीर आणखी माणसं पाठवतंय. रक्तात इन्सुलिन फार झालं की कातडी अशी काळी, जाड पडते. माणसं पाठवून पाठवून स्वादुपिंड थकलं, की माल रक्तातच अडकणार. तो मधुमेह. तुम्ही त्याच्या दारात उभे आहात, आत गेलेला नाही. वजन उतरवा, भात आवरा, जेवल्यावर हालचाल करा. अजून परत फिरता येईल.”

मी खूश. परत फिरता येईल म्हणजे फिरवणारच! पण घरी आल्यावर सगळं ऐकून सासूबाईंनी पदर खोचला. “भात सोरून आगरी मानूस जगल का?” मी भाजी नि मासळी पुढं करायची, त्या मागून भात लोटायच्या. मी डब्यात काकडी भरायची, त्या खाली तांदळाच्या भाकऱ्या दडपायच्या. परेशचं वजन जागचं हलेना. मला रागापेक्षा भीती वाटायला लागली. या प्रेमापुढं मी माझा नवरा गमावते की काय, असं वाटायचं.

मग नूतनची, परेशच्या चुलत भावाच्या मुलीची, हळद आली. सकाळी सासूबाईंनी लेकाला मोरीत बसवलं. मान घासता घासता त्याचा हात वर उचलला आणि थबकल्या. काखेतही तसाच काळा पट्टा. त्यांनी मानेच्या घड्या बोटांनी ताणून पाहिल्या.

“कल्पिता, हतं ये गो.” आवाज अगदी बारीक झाला होता. “याचे बापानं मान तानली का मानंचे घरीत गोरी रेघ दिसायची. उन घरीत जात न्हाय. काखंत तर न्हायच न्हाय. यो उन न्हाय गो.”

एवढे दिवस मला त्यांना एकदा तरी हरलेलं पाहायचं होतं. पण त्या मोरीच्या काठावर बसून रडायला लागल्या तेव्हा मलाच भरून आलं.

संध्याकाळी मांडवात पंगत बसली. मटण, वडे, भात. नूतनचा बाप मोरूभाऊ आग्रहाला पक्का. “हळदीत न्हाय खाल्लास तर कवा खाशील?” म्हणत तो परेशच्या पत्रावळीवर वडे रचायला लागला. परेश हसत हसत ‘बास, बास’ म्हणत होता, पण हात आडवा घालायची त्याची हिंमत होईना. सासूबाई बायकांच्या ओळीतून उठल्या आणि पंगतीतून वाट काढत आल्या. त्यांनी आपला हात पत्रावळीवर आडवा धरला.

“मोरू, र्‍हाऊ दे. एवरे दिस मीच माझे हातानं याला आजार भरवला. आता माझाच हात मधी येल.”

मोरूभाऊनं वड्यांची परात मागं घेतली. परेशनं आईकडं पाहिलं, समोरचं मटण तेवढं खाल्लं आणि उठला. तोवर बाहेर डीजे सुरू झाला होता. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं. “चल, नाच. बसाचा न्हाय.” आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत त्याच्याआधी त्याच नाचायला लागल्या.