तळाशी बसलेलं तांबं

संशोधन म्हणजे तपश्चर्या, असं कोणी म्हटलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

जबलपूरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्रात पीएचडी करत होते. खमरियाहून बसने यायचं, पाण्यात तांब्याची चकती ठेवायची आणि वरून लेसरचा मारा करायचा. टकटक आवाज होई, आणि चकतीवरून तपकिरी धूर निघाल्यासारखे तांब्याचे कण पाण्यात पसरत. साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत इतके बारीक. असं पाणी उष्णता भराभर वाहून नेतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या सोलर पॅनलला हात लावला की चटका बसे, आणि तापलेलं पॅनल वीज कमी देतं. त्याच्या पाठीमागच्या नळ्यांतून हे पाणी फिरवायचं होतं. अट एकच, कण तरंगत राहिले पाहिजेत. खाली बसले की नळ्या तुंबल्या आणि सगळं मुसळ केरात.

माझे बसत होते. चार दिवसांत बाटलीच्या तळाशी काळपट गाळ, वर नितळ पाणी. मी गाईडना दाखवलं.

"रिपोर्टला तीस दिवसांचा फोटो पाहिजे न," ते म्हणाले. "हलव बाटली अन् काढ. काहून एवढा विचार करून राहिली? सब करते हैं."

असा संताप आला! पण थीसिसवर सही त्यांचीच लागणार होती. मी बाटली हलवली. फोटोखाली 'तीस दिवसांनंतर' हे शब्द मीच टाइप केले. डिग्री मिळाली, मागोमाग नोकरीही. त्या माणसाला शिव्या घालत मी वर्षं काढली, जणू बाटली त्यानेच हलवली होती.

मग एके दिवशी त्याच विभागातल्या एका मुलीचा फोन आला. माझ्याच गाईडनी माझंच काम तिला पुढे न्यायला दिलं होतं.

"दीदी, माझे कण बसून जातात. सर रोज बोलतात, तिचे तीस दिवस टिकले, तुलाच काहून जमत नाही? पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, सगळं करून पाहिलं. तुम्ही नेमकं काय करत होत्या जी?"

सगळं ठाऊक असून तो तिलाच बोल लावत होता! रागाने माझा आवाज चढला. "काही नाही करत होते. फोटोच्या आधी बाटली हलवली होती. त्यांनीच सांगितलं होतं."

"अच्छा," ती म्हणाली. "अन् हे तुम्हाला कोणाला सांगावंसं नाही वाटलं? तीन वर्षं गेले माझे."